खबर देणाऱ्या शेतकऱ्याला कायद्याचं अभय हवं



 या परिषदेच्या अध्यक्षपदावरून मला एकच विषय मांडायचा आहे, पिकांवरच्या कीड-रोगांना आवर घालणारा आपला कायदा. तो जुना झाला, हे आपण सगळेच म्हणतो. नव्या कायद्याचा गाभा काय असावा, याबद्दल मला आज स्पष्ट बोलायचं आहे.

मूळ कायदा १९१४ चा, विनाशकारी कीटक व कीड अधिनियम. धोका बोटीनं येतो आणि बंदरावर अडवता येतो, ही त्या काळची समजूत त्यात ठायी ठायी दिसते. त्याच्याच आधारावर २००३ चा वनस्पती क्वारंटाइन आदेश निघाला. आयात परवाना, पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, किडीच्या धोक्याचा आधी अभ्यास, ही शिस्त त्यानं लावली. आज परदेशातून माल ज्या लाकडी खोक्यांत येतो, ते लाकूड उष्णतेनं निर्जंतुक करायचं तर गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवावं लागतं आणि तसा शिक्का त्यावर लागतो. बंदरांवर, विमानतळांवर हे काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

तरीही किडी आल्या. २०१४ मध्ये पुणे परिसरात टोमॅटोवर टुटा ॲब्सोल्युटा आढळली. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे मक्यावर अमेरिकन लष्करी अळी सापडली आणि त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यात पोचली. तिचा पतंग एका रात्रीत कित्येक किलोमीटर उडतो; त्याला कुठला नाका अडवणार?

जे उडत नाही, ते आपण स्वतः वाहून नेतो. संत्र्याच्या कलमाच्या पिशवीतली मूठभर माती बघा. तिच्यात फायटोप्थोराचा रोगजंतू असेल, तर लावताना कलम हिरवंगार दिसतं. काही वर्षांनी बुंध्याची साल तडकते, डिंक ओघळतो, आणि तोवर तो रोग सगळ्या बागेत पसरलेला असतो. डाळिंबाचा तेल्या असाच रोगट झाडावर बांधलेल्या गुटी कलमांतून गावोगाव गेला. फळरोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून कायदा आहे. पण कलम कुठल्या मातृवृक्षाचं, हे विकत घेणाऱ्याला आजही बहुधा विक्रेत्याच्या शब्दावरच मानावं लागतं.

मग नवी कीड, नवा रोग सर्वांत आधी कोणाला दिसतो? शेतकऱ्याला. केळीवरचा पनामा मर रोग, ज्याला आपण टीआर-४ म्हणतो, तो बिहारमध्ये कटिहारकडे पोचला आहे. खालची पानं कडेनं पिवळी पडतात, देठाशी मोडून खोडाभोवती लोंबतात. खोड आडवं कापलं की आत लालसर तपकिरी डाग दिसतात. यावर औषध नाही. बुरशी जमिनीत कित्येक वर्षं टिकते. पहिल्या चार झाडांवर कळलं तरच गाव वाचण्याची आशा. उद्या रावेर-यावलच्या एखाद्या बागेत हे दिसलं, तर तो शेतकरी कृषी सहायकाला फोन करील का?

केला, तर त्याची बाग उपटली जाईल, कंद आणि माती हलवायला बंदी येईल, व्यापारी फिरकणार नाही, बँकेचा हप्ता मात्र थांबणार नाही. १९१४ च्या कायद्यात सद्भावनेनं काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे, ते योग्यच आहे. पण बाग गमावणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई देणारं एकही कलम त्यात नाही. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा कोंबड्या मारल्या आणि मालकांना सरकारनं भरपाई दिली. जो न्याय कोंबडीला, तो केळीला का नसावा?

हे दान नव्हे. एकाची बाग शेकडो बागांसाठी जाते, तर तिची किंमत सगळ्यांनी मिळून उचलायला हवी. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं फळमाशीमुळे आपल्या आंब्याला दार बंद केलं, तेव्हा ज्यांच्या पेट्या निर्दोष होत्या त्या बागायतदारांनीही तो हंगाम गमावला. कीड लपून राहिली की नुकसान सगळ्यांचंच होतं.

कृषी जैवसुरक्षा विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि पुढच्या वर्षी ती लोकसभा विसर्जित होताच बारगळलं. नवा मसुदा येईल तेव्हा त्यात तीन गोष्टी असाव्यात, असा माझा आग्रह आहे. पहिली, खबर देणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत भरपाई, तीही हक्क म्हणून. दुसरी, नमुन्याचा निदान-अहवाल जिल्हा पातळीवर, दिवसांची मर्यादा घालून. तिसरी, प्रत्येक कलमाची मातृवृक्षापासून बांधापर्यंत नोंद. सोयाबीनवरच्या २००८ च्या अळीच्या उद्रेकानंतर महाराष्ट्रानं क्रॉपसॅप ही कीड-सर्वेक्षणाची व्यवस्था उभी केली, आठवड्या-आठवड्याला शेतात जाऊन किडी मोजल्या. हे राज्य असं काम करू शकतं, याचा तो पुरावा आहे.

मित्रहो, समारोपाच्या सत्रात या तीन मागण्यांचा ठराव मी मांडणार आहे. त्यावर कडाडून चर्चा करा, शब्द बदला, उणिवा दाखवा. पण भरपाईचं कलम वगळू नका. ते असेल तरच शेतकरी फोन उचलेल, आणि त्यानं फोन उचलला तरच आपलं शास्त्र वेळेवर बांधावर पोचेल.