दादाचा हात आणि पिशवीतले कागद

(मेळाव्यात एका बाईने केलेले भाषण. बोलली तसेच, थोडे नीट करून छापत आहोत.)



मला भाषणाची सवय नाही. दादाविषयी सांग म्हणाले, म्हणून उभी राहिले.

भातकापणी झाली की दादा खडीच्या मशीनवर जायचा. आपले कितीतरी गडी जातात, तसाच. मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवस पट्ट्यात दगड अडकला. तो काढायला दादानं हात घातला आणि कुणीतरी मशीन चालू केलं. उजवा पंजा मनगटापासून गेला.

मुकादम दवाखान्यात आला. पाचशे रुपये दिले आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. कुठला अंगठा? जो हात उरला होता, त्याचा.

घरी आल्यावर दादा कुणाशी बोलेना. वहिनी घास भरवायला गेली की तोंड फिरवायचा. मग पाऊस लागला. जंगलातला प्लॉट पडीक राहिला असता तर गार्ड म्हणाला असता, कसणारा कुठं आहे? म्हणून गावानं मिळून आवणी केली. दादा बांधावर बसून बघत होता. दुपारी उठला, चिखलात उतरला आणि डाव्या हातानं रोपांच्या मुठी फेकायला लागला.

आता तो रुमणं डाव्या हातानं धरतो, पोरगी बैलांपुढं चालते. भात उजव्या कोपरात दाबून विळा डाव्या हातानं चालवतो. आमच्या निम्मं कापतो, पण कापतो. रात्री नसलेली बोटं दुखतात म्हणतो. तेही सांगते, लपवत नाही.

आता कायद्याचं. दादाच्या वेळी कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा 1923 सालचा होता. ठेकेदारानं कामाला लावलं असलं तरी मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. पंजा गेला तर कमाईची ताकद 60 टक्के गेली असं धरतात. "भरपाई नको" असं लिहून घेतलं तरी ते कायद्यात चालत नाही. पण अर्ज तेव्हा 2 वर्षांच्या आत करायचा होता. आमचे थोडेच दिवस उरले होते.

मुकादम म्हणाला, हा माणूस आमच्याकडं नव्हताच. तेव्हा वहिनीनं आढ्याची पिशवी काढली. जंगलखात्याच्या दंडाच्या पावत्या आपण जपतो ना, प्लॉट आपण कसतो याचा पुरावा म्हणून? त्याच पिशवीत मुकादमाच्या हजेरीच्या चिठ्ठ्या निघाल्या. दादाला वाचता येत नाही. कुठला कागद कामाचा ते कळत नाही, म्हणून त्यानं एकही टाकला नव्हता.

अर्ज लागला. तारखा चालू आहेत, पैसे अजून नाहीत. तारखेला दादा स्वतः जातो, भाड्याचे पैसे गाव काढतं.

कामाला जाल तर चिठ्ठी मागा. मिळाली तर पावत्यांच्या पिशवीत ठेवा. नाही मिळाली तर सोबत कोण होतं त्यांची नावं ध्यानात ठेवा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

एवढंच सांगायचं होतं. जिंदाबाद!