विद्यार्थी-मंडळे आणि लोकसेवा

अमेरिकेतील महाविद्यालयांतून ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी विद्यार्थी-मंडळे असतात. त्यांतील आद्य मानले जाणारे ‘फाय बीटा कॅपा’ १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झाले. पुढे मुलांची बंधुमंडळे व मुलींची भगिनीमंडळे निघाली. ही मंडळे लोकोपयोगी कार्यासाठी मोठा निधी जमवितात. तथापि दीक्षेच्या नावाखाली नवागतांचा होणारा छळ हा त्यांच्या लौकिकावरील कायमचा डाग होऊन बसला आहे. एका हाताने जोडलेले पुण्य दुसऱ्या हाताने उधळावे, असाच हा प्रकार होय.

इंदुरात ख्रिश्चन कॉलेज १८८७ साली व होळकर कॉलेज १८९१ साली निघाले. तेथे ग्रीक अक्षरांची ही प्रथा रुजली नाही; पण मूळ प्रश्न परका नाही. तरुणांचा संघ समाजाच्या विश्वासास पात्र कसा ठरतो?

याचे एक उत्तर मुंबईत सापडते. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली. निबंध वाचावेत, चर्चा कराव्यात, एवढ्यावर हे तरुण थांबले नाहीत. १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नौरोजींसारखे तरुण घरोघर जाऊन पालकांची मनधरणी करीत आणि वेतन न घेता सकाळच्या वेळी शिकवीत. मुलींनी शिकणे अनेकांना अमंगळ वाटे, अशा त्या काळात ही शाळा टिकली ती देणगीच्या आकड्यावर नव्हे, तर रोज वेळेवर हजर राहणाऱ्या माणसांवर.

स्वातंत्र्यानंतर या वृत्तीला संस्थेचे रूप मिळाले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ‘मी नव्हे, तू’ हे तिचे ब्रीद. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि सात दिवसांच्या शिबिरात राहावे, असा तिचा नेम आहे. मात्र तास भरले म्हणजे सेवा घडलीच, असे नाही. झाडू हाती घेऊन काढलेले छायाचित्र आणि झाडलेली गल्ली यांत अंतर असते.

याहून अवघड गोष्ट निराळीच आहे. ज्या आपलेपणामुळे रक्तदानास शंभर हात एकदम पुढे येतात, त्याच आपलेपणामुळे सोबत्याच्या दुष्कृत्याविषयी शंभर तोंडे मिटतात. रॅगिंगची मुळे या मौनात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली त्याविरुद्ध निर्देश दिले, विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली कडक विनियम केले. परंतु वसतिगृहाच्या बंद दाराआड कायद्याआधी पोहोचतो तो शेजारच्या खोलीतील विद्यार्थीच.

इंदूरचे विद्यापीठ १९६४ साली स्थापन झाले व पुढे त्यास देवी अहिल्येचे नाव मिळाले. अहिल्याबाईंनी काशीपासून दूरदूरच्या तीर्थांपर्यंत घाट, विहिरी व धर्मशाळा बांधविल्या. येणारा कोण, हे त्या धर्मशाळेने विचारले नाही. तिचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात विद्यार्थी-मंडळाची कसोटीही हीच असावयास हवी. त्याने गावासाठी काय केले, हे जरूर पाहावे. पण खेड्यातून प्रथमच शहरात आलेला, कोणाचीही ओळख नसलेला मुलगा त्याच्या दारात निर्भयपणे उभा राहू शकतो काय, हे आधी पाहावे. दानाचा आरंभ तेथूनच होतो.