दीर्घ लेखाचे छोटे रूप



 साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने भाषणात वाङ्मयाच्या सगळ्या प्रांतांतून फिरून यावे असा रिवाज आहे. तो मोडून मी आज एकाच विषयावर बोलणार आहे. आपण तीन-चार हजार शब्दांचा लेख लिहितो. मग त्यातूनच फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपसाठी छोटा मजकूर काढला जातो. तो कोणी काढायचा, कसा काढायचा आणि कोणाच्या नावाने पुढे पाठवायचा, याचा विचार आपण अजून गांभीर्याने केलेला नाही. माझे मत स्पष्ट आहे. छोटा मजकूर हे स्वतंत्र लेखन आहे. तो लेखातून कापून निघत नाही, नव्याने लिहावा लागतो.

आटोपशीर लेखन मराठीला परके नाही. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून एकेक करून प्रसिद्ध झाली. एकशेआठ पत्रांतून त्यांनी आपल्या समाजाची झाडाझडती घेतली आणि पुढे त्या पत्रांचा ग्रंथ झाला. आपले कीर्तनकार तर एकाच अभंगाचे पूर्वरंगात निरूपण करतात आणि उत्तररंगात त्यालाच आख्यानाची जोड देतात. अभंग तोच, पण समोरच्या श्रोत्यांसाठी मांडणी नवी. दीर्घ लेखाचीही आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला आणि अशा लेखनाला हक्काची जागा मिळाली. मात्र कार्तिकात चर्चेत असलेला लेख फाल्गुनापर्यंत रद्दीच्या गठ्ठ्यात जातो, ही आजची स्थिती आहे. त्या लेखामागचे वाचन, भटकंती, पडताळणी हे सारे श्रम काही महिन्यांतच वाया जातात. छोट्या रूपांनी त्या लेखाचे आयुष्य वाढू शकते, म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

एक उदाहरण घेतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरावर कोणी कसदार लेख लिहिला आहे असे समजा. बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले आणि छायाचित्रे देशभर फिरली. आता लेखातले एखादे सुंदर वाक्य उचलून छायाचित्रावर चिकटवले, तर वाचक थक्क होईल, पण त्याला कळणार काहीच नाही. त्याऐवजी कारण सांगा. पाणी घटले, क्षारता वाढली आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी त्याला रंग दिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून हे पुढे आले. एवढे सांगायला दोन वाक्ये पुरतात आणि चमत्काराच्या अफवेला जागा उरत नाही.

विवराच्या वयाचा प्रश्न याहून अवघड आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर नंतरच्या आर्गॉन कालमापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. घाईने मजकूर काढणारा यातला एकच आकडा उचलतो आणि ठोकून देतो. लेखकाने जपून वापरलेले ‘बहुधा’, ‘एका मतानुसार’ हे शब्द सर्वांत आधी गळतात. खरे तर दोन आकड्यांमधली ही तफावतच एका स्वतंत्र मजकुराचा विषय आहे. आघातातच तयार होणाऱ्या मॅस्केलिनाइट या काचेवर दुसरा होईल, लोणारच्या दैत्यसूदन मंदिरावर तिसरा, सरोवराला पाणथळ जागा म्हणून २०२० मध्ये मिळालेल्या रामसर दर्जावर चौथा. प्रत्येकात एकच मुद्दा असावा, त्याचे कारण असावे आणि मूळ लेखाचा पत्ता असावा.

माध्यमागणिक काही व्यावहारिक गोष्टीही पाहाव्या लागतात. एक्सवरच्या साध्या खात्याला २८० चिन्हांची मर्यादा आहे. तिथे आपल्या मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगवेगळे मोजले जातात; ‘स्त्री’ या एका अक्षराची सहा चिन्हे होतात. म्हणून इंग्रजी मजकुराचा सांगाडा उचलून त्यात मराठी भरणे थांबवावे आणि वाक्य मुळातच मराठीच्या मापाने बेतावे. इन्स्टाग्रामच्या चित्राखालच्या मजकुरातली लिंक उघडत नाही, तेव्हा लेखाचे, अंकाचे आणि लेखकाचे नाव तिथे अक्षरांत लिहावे. व्हॉट्सॲपवर चित्र एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे जाऊ शकतो, म्हणून नाव दोन्हींत हवे. आणि सगळा मजकूर चित्रात कोंबू नये. मोबाइलकडून वाचून घेणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला तो अनेकदा ऐकू येत नाही. चित्राचे वर्णन शब्दांत देणे हे संपादकाचे कर्तव्यच आहे.

आता नावाविषयी. लेखकाचे नाव गाळून फिरणारे उतारे आणि थोर साहित्यिकांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या सुमार कविता आपण रोज पाहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीचा संक्षेप हेही तिचे रूपांतर ठरते आणि त्याचा हक्क स्वामित्वहक्क असणाऱ्याकडे असतो. याच कायद्याच्या कलम ५७ ने लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार दिला आहे. स्वामित्वहक्क विकल्यानंतरही हा अधिकार लेखकाकडेच राहतो. प्रत्येक मराठी लेखकाला हे ठाऊक असले पाहिजे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. लेखकांनो, लेख संपवताना त्यातले चार-पाच मुद्दे स्वतः छोट्या रूपात लिहून संपादकांच्या हाती द्या. आपल्या लेखाचा गाभा तुमच्याइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतो. संपादकांनो, हे काम नवख्या मुलांवर विनामोबदला लादू नका. मानधन ठरवताना त्याचा वेगळा हिशेब करा आणि मजकूर लेखकाला दाखवल्याशिवाय प्रसिद्ध करू नका. वाचकांनो, निनावी मजकूर पुढे पाठवण्याआधी त्याचा लेखक शोधा आणि सापडला नाही, तर तो पाठवू नका.

मराठीत विचार करून लिहिणारी माणसे आहेत आणि वाचणारीही आहेत. त्यांची गाठ घालून देणे हे आपल्या पिढीचे काम आहे. पुढच्या दिवाळी अंकापासून ते सुरू करा, एवढीच अध्यक्ष म्हणून माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती.