प्रतिकूल अभिप्रायाची मर्यादा



नोकरीच्या सुरुवातीच्या काळात बैठकीच्या लावणीच्या एका कार्यक्रमाचे वृत्त लिहिताना 'कलावतीने नृत्य असे फारसे केलेच नाही', असे लिहून मी मोकळा झालो. या प्रकारात बसल्या जागी मुद्राभिनयातून आणि हातांच्या हालचालींतून शब्दांचा अर्थ उलगडावयाचा असतो, हे मला ठाऊकच नव्हते. त्या बाईंनी नंतर एवढेच विचारले, "साहेब, अदा कोणत्या ओळीवर चुकली?" मला एकही ओळ सांगता आली नाही.

म्हणून प्रतिकूल अभिप्राय देणाऱ्याने प्रयोग संपूर्ण पाहिलेला असावा आणि दोष नेमका कोठे, हे दाखवावे, अशी माझी विनंती आहे. स्वतःचा नृत्यवर्ग चालविणाऱ्याने दुसऱ्याच्या शिष्येवर लिहिताना ती गोष्ट आधी उघड करावी.

लोकांपुढे निर्णयार्थ सादर केलेल्या कलाकृतीच्या गुणदोषांवर सद्भावनेने मत देणे ही बदनामी नव्हे, असा अपवाद १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही तो कायम आहे. मात्र कलावंताच्या शीलाविषयी बोलण्याची मुभा, ते त्या सादरीकरणात दिसेल तेवढ्यापुरतीच. 'ताल सुटला' असे खुशाल म्हणा. ती कोणाच्या घरची, कशी राहते, हे तिकिटात समाविष्ट नाही. लावणी कलावतींनी हा दुसरा मारा फार सोसला आहे.

कलावंताचा खुलासा आल्यास तो मूळ अभिप्रायाइतक्याच ठळकपणे द्यावा. त्या बाईंचा प्रश्न मी तेव्हा छापावयास दिला नव्हता.