श्रेयनामावलीतली नावं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तू कॉम्प्युटरवाली, त्यातलंच काहीतरी बोल," असं संयोजकांनी सांगितलं. म्हणून एका व्हिडिओ गेमची गोष्ट सांगते. गेम खेळत नसलात तरी चालेल.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने २००४ साली ओसाकात 'क्लोव्हर स्टुडिओ' काढला. 'क्रिएटिव्हिटी' आणि 'लव्हर' हे शब्द जोडून ते नाव केलेलं. २००६ मध्ये त्यांचा 'ओकामी' आला. त्यात सूर्यदेवता अमातेरासू पांढऱ्या लांडग्याच्या रूपात येते आणि आपण पडद्यावर कुंचला फिरवून सुकलेली झाडं फुलवतो. चित्रं सगळी जपानी शाईचित्रांसारखी. समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला, पण खप बेताचाच झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टुडिओ बंद करण्याची घोषणा झाली आणि मार्च २००७ मध्ये त्याला कुलूप लागलं.

२००८ मध्ये हाच गेम निन्टेन्डोच्या 'वी' यंत्रासाठी अमेरिकेत निघाला. ते काम दुसऱ्या कंपनीने केलं. गेम संपल्यावर पडद्यावर सरकणारी श्रेयनामावली त्यातून गायब होती. कॅपकॉमने कारण दिलं, की त्या चित्रफितीत क्लोव्हरचा लोगो आहे आणि या आवृत्तीत तो वापरायचा हक्क आम्हाला नाही. मग नुसता लोगो का नाही काढला? तर चित्रफितीची मूळ सामग्री हाताशी नव्हती. तयार चित्रफितीत लोगो आणि नावं दुधात साखर विरघळावी तशी एकजीव झालेली असतात. म्हणून लोगोबरोबर सगळी नावंही गेली.

मिकामी, कामिया, इनाबा या बड्या मंडळींचं त्यामुळे फार बिघडलं नाही. त्यांची नावं जगाला आधीच ठाऊक होती. पण ज्याने त्या गेममधलं एखादं झाड रंगवलं, त्याचं नाव असण्याची जागा ती एकच होती.

ही गोष्ट आज सांगण्याचं कारण आपली स्मरणिका. तिच्यातली नावांची यादी दहावीच्या निकालपत्रकावरून केली आहे. समितीने मेहनत घेतली, यात शंका नाही. पण सातवी-आठवीत शाळा सुटलेली मुलं त्या पत्रकात नाहीत. लग्न ठरलं म्हणून, वडील गेले म्हणून, शेतीला हात हवे म्हणून ती गेली. आपल्याबरोबर डबा खाल्लेली, कबड्डीत आपल्याला जिंकून दिलेली मुलं ती. घंटा देणारे काका, प्रयोगशाळेतले मामा हेही यादीत नाहीत.

आपली मूळ सामग्री मात्र अजून शाबूत आहे. पाचवीचे हजेरीपट शाळेच्या कपाटात असतील, आणि सर, बाई, तुमच्या आठवणीत तर नक्कीच आहेत. स्मरणिका अजून छापायला गेलेली नाही. तेव्हा जेवायला बसण्याआधी प्रत्येकाने आठवतील ती नावं कागदावर लिहून समितीकडे द्यावीत, एवढी विनंती.