बाद झालेल्याला पुन्हा जागा

(वसतिगृह साहाय्य रविवारी मंडळीपुढे केलेले भाषण)



आज एका चालणाऱ्याची गोष्ट सांगतो. पोलंडचा रॉबर्ट कोझेनिओव्स्की. लहानपणी सांध्यांच्या आजाराने त्याला गाठले होते. पुढे तोच ५० किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत उतरला. या शर्यतीचा नियम कडक आहे. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा आणि पुढे टाकलेला पाय, अंग त्यावरून जाईपर्यंत, गुडघ्यात सरळ हवा. त्या काळी तीन पंचांनी चूक धरली की खेळाडू बाद होत असे.

१९९२ साली बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर होता. जवळजवळ सगळे अंतर संपले होते, स्टेडियम आले होते आणि तिथेच त्याला बाद केले. रौप्यपदक हातचे गेले.

त्याच्यासाठी नियम कोणी सैल केला नाही. पण पुन्हा शर्यतीत उभे राहायलाही कोणी मनाई केली नाही. १९९६ साली अटलांटाला त्याने ५० किलोमीटरचे सुवर्णपदक जिंकले. २००० साली सिडनीत २० आणि ५० किलोमीटर अशी दोन सुवर्णपदके, २००४ साली अथेन्सला चौथे.

हे आज का सांगतो? आपल्या वसतिगृहातला पाड्यावरचा एक मुलगा गेल्या वर्षी दहावीला गणितात नापास झाला. नापासाची जागा दुसऱ्याला द्यायची, हा आपला नियम. पत्रावर सही मी केली. त्याने पत्र्याची पेटी उचलली आणि "सर, येतो" म्हणाला. जुलैत फेरपरीक्षा होती, पण अभ्यासाला जागाच उरली नव्हती. दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला.

पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. पुनरुत्थित प्रभूने सरोवराकाठी त्याला तीनदाच विचारले आणि मेंढरे त्याच्याच हाती सोपवली.

म्हणून समितीपुढे मी मागणी ठेवली आहे: नापास मुलाला आणखी एक वर्ष राहू द्यावे. पास होण्याची अट तशीच राहील. गणिताची शिकवणी आपण देऊ. त्या मुलांच्या जेवणाचा आणि शिकवणीचा खर्च तुम्ही उचलावा, ही नम्र विनंती.

भट्टीवर त्या मुलाला भेटायला मी स्वतः जाणार आहे. जागा आहे, असे त्याला सांगता यावे, यासाठी प्रार्थना करा. प्रभू तुम्हांस आशीर्वाद देवो.