अंकांची घरे

(मंडळाच्या बालक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मुलांना मोठ्या संख्या कशा शिकवाव्यात यावर मी बोलावे, असे कार्यकारिणीने ठरवले. मी शिक्षक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली बावीस वर्षे वॅगनच्या दुरुस्तीत आहे. पण रविवारी सकाळी तिसरी ते पाचवीची मुले या हॉलमध्ये माझ्याकडे गणित घेऊन बसतात. त्यांच्याकडून मला जे समजले, तेवढेच सांगतो.

इथे बिलासपुरात आपल्या मुलांची एक खास अडचण आहे. आजी म्हणते 'एकोणसाठ', शेजारचा मित्र म्हणतो 'उनसठ', शाळेतल्या मॅडम म्हणतात 'फिफ्टी नाइन'. इंग्रजीत पन्नास आधी ऐकू येतात, मग नऊ. लिहायचेही त्याच क्रमाने. आपल्या पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल ५२ लिहून मोकळे होते. एकोणसाठात तर पन्नासही नाहीत आणि नऊही नाहीत, साठाला एक कमी! बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला आणि चेष्टाही झाली. मंगला नारळीकरांनी त्या पद्धतीची बाजू मांडली होती. मला विचाराल तर आधाराची काठी म्हणून ती चांगली आहे. 'पन्नास नऊ, म्हणजे एकोणसाठ' असे जोडीने म्हणून घ्यावे. एकोणसाठ मात्र सोडू नये, नाहीतर आजीशी व्यवहार कोण करणार?

शंभरापर्यंतचे हे शब्द पक्के नसतील तर पुढचे सगळेच अडते. आपल्या पद्धतीत शेवटचे तीन अंक सोडले की पुढे दोन-दोनांचे गट असतात. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशची लोकसंख्या होती ७,२६,२६,८०९. सात कोटी, सव्वीस लाख, सव्वीस हजार, आठशे नऊ. ज्याला सव्वीस येतात त्याला ही संख्या वाचता येते. नवीन शब्द फक्त कोटी, लाख आणि हजार.

लिहिताना गाडी घसरते ती शून्यावर. 'एक लाख पाच हजार तीन' असे सांगितले की हुशार मूलसुद्धा १०००००५०००३ लिहिते. चिडू नका. त्याने जसे ऐकले तसे लिहिले: आधी एक लाख, मग पाच हजार, मग तीन. मी पाटीवर कोटी, लाख, हजार अशी दोन-दोन खणांची घरे आखतो आणि शेवटी शतक, दशक, एकक. हजाराच्या घरात पाच आले तर ०५ लिहायचे, शतक आणि दशकाचे खण ०० ने भरायचे. झाले १,०५,००३. प्रवासी नाही म्हणून डबा गाडीतून कोणी काढत नाही, हे रेल्वे कॉलनीतल्या मुलांना लगेच पटते.

लहान-मोठे ओळखताना गोवा आणि सिक्कीम घ्या. गोवा १४,५८,५४५, सिक्कीम ६,१०,५७७. निम्मी मुले सिक्कीम मोठे म्हणतात, कारण सहा एकापेक्षा मोठा. आधी अंक मोजायला लावा: सात आणि सहा, संपले. अंक सारखे असतील तर डावीकडून एकेक घर पाहायचे. तमिळनाडू ७,२१,४७,०३०. मध्य प्रदेशाशी ताडून पाहा: ७ ला ७, २ ला २, मग ६ आणि १. निकाल इथेच लागला. पुढे ४७ हजार आहेत की २६ हजार, बघायचेच नाही. मुलांना हे 'बघायचे नाही' फार अवघड जाते; मोठा अंक दिसला की डोळा तिकडे धावतो.

आमच्या वॅगनवर अकरा अंकी नंबर असतो. त्यात वॅगनचा प्रकार, मालक रेल्वे, बांधणीचे वर्ष, अनुक्रमांक आणि शेवटी तपासणीचा अंक. तो कोणी अब्जांत वाचत नाही. १२८१० ही १२८०९ पेक्षा मोठी गाडी नाही, ती हावड्याहून मुंबईला जाणारी तिचीच जोडीदार. नंबर हे नाव असते, संख्या हे मोजमाप असते. फोन नंबर देऊन 'कोणता मोठा?' विचारणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक घोटाळा आपल्याच घरांत होतो. आपला अब्ज आणि हिंदीतला अरब एकच, शंभर कोटी. पण आपला खर्व म्हणजे दहा अब्ज आणि हिंदीतला खरब म्हणजे शंभर अरब! आजोबा आणि मास्तर दोघेही बरोबर, मार खातो नातू. प्राथमिक वर्गात कोटीपाशी थांबलेले बरे.

शेवटी खजिनदारसाहेबांना एक विनंती. वर्गणीच्या पावती पुस्तकांपैकी एक चौथी-पाचवीच्या मुलांकडे द्यावे. देणगीदार रक्कम सांगतील, मूल आधी अक्षरी लिहील, मग अंकी. एक हजार एकशे एकच्या जागी १,०११ पडले तर नव्वद रुपयांचा फरक येईल, आणि त्या रात्री मुलांबरोबर खजिनदारही जागे राहतील.